चाळिशीनंतर डोळ्यांचं लेझर: आधी टेप लावा, मग फोन

शिवणाचं दुकान चालवणाऱ्या बाईनं डोळ्यांच्या ऑपरेशनवर लिहावं हे काहींना आगाऊपणाचं वाटेल. पण साताऱ्यात माझ्याकडे ब्लाऊज टाकायला येणाऱ्या बायका हल्ली माप द्यायच्या आधी हेच विचारतात, "ताई, तुमचा चष्मा गेला म्हणे! आम्ही पण करून घेऊ का?" प्रत्येकीला उभ्या उभ्या तेच सांगून माझं तोंड दुखतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. हे पंचेचाळिशी-पन्नाशीच्या आसपासच्यांसाठी आहे. कॉलेजातल्या पोरींना यातलं बरंचसं लागू नाही, त्यांचं गणित सोपं असतं.

मी शेहेचाळिसाव्या वर्षी केलं. तोवर शाळेपासून जाड भिंगं नाकावर. वाफेच्या इस्त्रीनं काच धुरकटायची, तोंडात टाचण्या धरून घोट्याशी वाकलं की चष्मा घसरायचा. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच काचेत असलेला चष्मा करून घेतला, तर त्यात खालच्या अरुंद पट्टीतूनच जवळचं दिसायचं आणि मला कापड आडवं, तिरकं, सगळीकडून बघावं लागतं. कॉन्टॅक्ट लेन्स लावायचे, पण चाळिशीनंतर डोळे कोरडे पडायला लागले आणि कापडाचे तंतू लेन्सखाली टोचायला लागले.

पहिलं काम: अंतरं मोजा

हॉस्पिटलला फोन नंतर. आधी टेप घ्या आणि दिवसभरात तुम्ही कुठकुठल्या अंतरावर बघता ते मोजा. टेपचं एक टोक घरातल्या कुणाला तरी तुमच्या डोळ्याच्या कडेशी धरायला सांगा, दुसरं कामाच्या वस्तूला लावा. अंदाजपंचे करू नका, मोबाइल आपण किती जवळ धरतो याचा तर कुणालाच पत्ता नसतो.

माझी मापं अशी निघाली. सुईत दोरा ओवताना आणि शिलाई उसवताना ८ ते १० इंच. साडीला फॉल लावताना १२. मशीनच्या सुईखाली बघताना १५-१६. कटिंगच्या टेबलावरची खडूची रेघ २४ ते २६. त्यापुढे गिऱ्हाइकाच्या पाठीची फिटिंग, दुकानाच्या दारातून आत येणारा माणूस, स्कूटीवरून पोवई नाका.

हे का करायचं, तर डोळ्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहानपणापासूनचा मायनस नंबर हा डोळ्याची लांबी आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा, बाक यांचा हिशोब असतो. चाळिशी लागते ती आतल्या भिंगामुळे. ते वयानं कडक होतं आणि जवळचं बघायला फुगत नाही. लेझर फक्त कॉर्नियाचा बाक बदलतो. आतल्या भिंगाला तो शिवतही नाही. त्यामुळे पंचविशीत दोन्ही डोळ्यांचा नंबर शून्यावर आणला की माणूस लांबचं-जवळचं सगळं बघतो. पंचेचाळिशीत तोच नंबर शून्यावर आणला की लांबचं लख्ख दिसतं आणि औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचायला चष्मा शोधावा लागतो. आपल्या वयात कुठल्या अंतराचा चष्मा काढायचा आणि कुठल्या अंतराचा ठेवायचा, एवढंच निवडायला मिळतं.

इंचात मोजणाऱ्यांसाठी एक सोपा हिशोब आहे. ४० ला तुमच्या मायनस नंबरानं भागा. जे उत्तर येईल तेवढ्या इंचांवर तुम्हाला चष्मा काढून, डोळ्याला जोर न देता स्वच्छ दिसतं. उणे पाचला ८ इंच, उणे अडीचला १६, उणे सव्वाला ३२. माझा उजवा डोळा उणे साडेपाच, डावा उणे पाच. म्हणजे चष्मा काढून मी सात-आठ इंचांवर काळ्या ब्लाऊजवरची काळी शिलाई उसवत होते, आणि तेही ट्यूबलाइटमध्ये. इतकी वर्षं ज्याला मी दोष म्हणत होते तो माझा फुकटचा मॅग्निफायर होता, आणि लेझर केलं की तो कायमचा जाणार होता. हे ऑपरेशनच्या आधी कळलेलं बरं.

माझ्या नणंदेचं उदाहरण सांगते. वन्संचा नंबर उणे सव्वादोन. चष्मा डोक्यावर सरकवून त्या पेपर वाचतात, तांदूळ निवडतात, नातवाच्या शर्टाचं बटण लावतात. माझं बघून त्यांनाही हौस आली. डॉक्टर मॅडमनी त्यांना सरळ विचारलं, "दिवसातून किती तास लांबचं बघता आणि किती तास जवळचं?" वन्सं घरी परत आल्या आणि टीव्हीसाठी नवी फ्रेम घेऊन मोकळ्या झाल्या. उणे दीड ते तीनच्या मधे नंबर आहे, काम घरातलं आहे आणि गाडी चालवत नाही, अशांनी फार विचार करावा. माझ्या मते करूच नये.

प्लस नंबरवाल्यांची गोष्ट निराळी. त्यांना या वयात लांबचंही आणि जवळचंही धूसर असतं. त्यांच्यासाठी लेझरची मर्यादा लवकर येते, आणि डॉक्टर बहुतेक वेळा आतलं भिंग बदलण्याबद्दल बोलतात. त्यातलं मला फारसं सांगता येणार नाही.

एक डोळा लांबला, एक जवळला

हा प्रकार डॉक्टर मोनोव्हिजन म्हणून सांगतील. एका डोळ्याचा नंबर पूर्ण काढायचा, दुसऱ्याचा थोडा मुद्दाम ठेवायचा. मेंदू दोन्हींतलं जे स्वच्छ असेल ते उचलतो. सगळ्यांचा मेंदू ऐकतोच असं नाही, म्हणून ऑपरेशनआधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून याची तालीम करता येते. करता येते म्हणजे करायचीच. कुठलं हॉस्पिटल तालमीशिवाय मोनोव्हिजन करतो म्हणालं, तर उठून या.

लांबसाठी साधारणपणे आपला जोरकस डोळा ठेवतात. तो घरीही कळतो. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये एक लहान त्रिकोणी फट करा, त्यातून समोरचं भिंतीवरचं घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं घड्याळ फटीतच राहतं तो जोरकस. माझा उजवा निघाला.

तालीम घरी सोफ्यावर बसून करू नका, कामावर करा. मी लेन्स लावून मशीनवर बसले, कटिंग केलं, मंडईत गेले, जिने उतरले, संध्याकाळी स्कूटी काढली. आधी डाव्या डोळ्यात जास्त नंबर शिल्लक ठेवून पाहिला. मशीनवरचं झकास दिसलं, पण जिन्याची शेवटची पायरी कुठे संपते ते कळेना आणि डोकं जड व्हायचं. मग फरक कमी करत उणे सव्वापर्यंत आणला. त्यावर जमलं. उणे सव्वा म्हणजे ३२ इंच, पण शेहेचाळिशीत आतल्या भिंगात अजून थोडी ताकद उरलेली असते. ती धरून मला १५-१६ इंचांवरची मशीनची सुई दिसायला लागली. ही उरलेली ताकद दरवर्षी कमी होत जाते आणि साठीपर्यंत जवळजवळ संपते, हे मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे आज बिनचष्म्याचं दिसणारं मशीन पुढे चष्मा मागणार. ते कबूल असेल तर पुढे जा.

मोनोव्हिजननं एक गोष्ट मात्र बिघडते. खोलीचा अंदाज दोन्ही डोळे मिळून येतो. सुईत दोरा ओवणं, ओव्हरलॉकच्या लूपरमधून धागा काढणं, कपात चहा ओतणं, यांत सुरुवातीला हात चुकतो. कपात चहा ओतणं जमतं काही दिवसांत. लूपरसाठी मी सरळ चष्मा लावते. रात्री लांब पल्ल्याची गाडी चालवणाऱ्यांनी, क्रिकेट-बॅडमिंटन मनापासून खेळणाऱ्यांनी आणि लहानपणी तिरळेपणा असलेल्यांनी हे टाळलेलं बरं.

तुम्ही बसता का यात?

याचं उत्तर हॉस्पिटलच देईल, पण काही गोष्टी घरूनच तपासून जा. जुने चष्म्याचे कागद शोधा. निदान वर्षभर नंबर अर्ध्याहून जास्त हललेला नसावा. साखर असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी रक्ताची तपासणी आधी करून घ्या. साखर वर-खाली होते तसा चष्म्याचा नंबरही हलतो आणि हलत्या नंबरावर लेझर करणं म्हणजे पैसे पाण्यात. आमवातासारखा अंगातल्या प्रतिकारशक्तीचा आजार, थायरॉइड, डोळ्यावर कधी झालेली नागीण, घरात कुणाला काचबिंदू किंवा केरॅटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन फुगण्याचा आजार), चालू असलेल्या गोळ्या, सगळं लिहून न्या. तपासणारा विचारेलच असं धरून चालू नका.

पन्नाशी ओलांडली असेल तर मोतीबिंदूची सुरुवात आहे का हे आधी विचारा. असेल तर कॉर्नियावर पैसे घालण्यात अर्थ नाही, कारण पुढे भिंग बदलायचंच आहे आणि नंबर त्यातच काढता येतो.

तपासणीआधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद कराव्या लागतात. मऊ लेन्स आठवडा-दोन आठवडे, कडक लेन्स त्याहून बरेच जास्त. लेन्सनं कॉर्नियाचा आकार दबलेला असतो, आणि दबलेल्या आकाराचं माप घेतलं तर ऑपरेशनही त्याच चुकीच्या मापावर होतं. नेमके किती दिवस ते तुमचं हॉस्पिटल सांगेल. एका लग्नासाठी मधेच लेन्स घातली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

तपासणीला दिवस मोडतो. डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्यानंतर काही तास उन्हात बघवत नाही, म्हणून सोबत माणूस आणि गॉगल न्या. डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची, तपासणी जास्त मायनसवाल्यांनी चुकवू नये. ताणलेल्या डोळ्याचा पडदा कडेला विरळ असतो, त्यात छिद्र किंवा झिजलेली जागा सापडली तर आधी तिथे वेगळं लेझर करून ती बंदिस्त करतात. आणि लेझरनं नंबर गेला तरी डोळा आतून लांबटच राहतो. पडद्याचा धोका तसाच असतो. पुढेही दरवर्षी पडदा दाखवायचा.

मग कॉर्नियाची जाडी आणि नकाशा, म्हणजे कॉर्निया कुठे किती बाकदार आहे ते दाखवणारं रंगीत चित्र. जाडी मायक्रॉनमध्ये सांगतात, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सर्वसाधारण कॉर्निया ५४० च्या आसपास, माझा ५२६. हे मला लगेच कळलं, कारण आमच्याही धंद्यात कापड कापताना आत माया ठेवावी लागते, सगळी माया कापून टाकली की पुढे शिलाई तग धरत नाही. लॅसिक नावाच्या प्रकारात कॉर्नियाचा वरचा पापुद्रा उचलून खाली लेझर मारतात, तो पापुद्रा साधारण ११० चा. त्याखाली एका नंबरामागे १२ ते १५ मायक्रॉन कॉर्निया घासला जातो. साडेपाचला ८२ धरा. ५२६ मधून ११० आणि ८२ गेले, खाली उरले ३३४. २५० च्या खाली जायचंच नाही हा जुना नियम, आता बरेच सर्जन ३०० धरतात. हा हिशोब तुमच्या कागदावर तुम्ही स्वतः करा आणि डॉक्टरांचा आकडा जुळतो का बघा. माझ्या डाव्या डोळ्यात सव्वा नंबर ठेवायचा असल्यामुळे तिथे कापणी कमी, माया जास्त.

नकाशात केरॅटोकोनसची चाहूल दिसली, म्हणजे कॉर्निया एका जागी पातळ होऊन फुगायला लागलाय असं दिसलं, तर तिथेच थांबायचं. "थोडंसं आहे, चालेल" असं कुणी म्हणालं तरी चालत नाही. लॅसिकनं तो आजार वाढतो.

आमच्या वयाच्या बायकांसाठी सगळ्यात महत्त्वाची तपासणी सगळ्यात स्वस्त आहे. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवतात आणि पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजली ते बघतात. १० च्या खाली गेलं की कोरडेपणाचा संशय, ५ च्या खाली म्हणजे चांगलाच कोरडेपणा. पाळी जायच्या सुमाराला डोळे कोरडे पडणं नेहमीचं आहे. त्यात लेझर करताना कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात आणि कोरडेपणा वाढतो. माझी पट्टी काठावर होती. मॅडमनी तारीख दिलीच नाही. आधी पापण्यांवर गरम पाण्याच्या कापडाचा शेक, पापणीच्या कडा पुसणं, कृत्रिम अश्रूंचे थेंब, असे काही आठवडे करून पुन्हा या म्हणाल्या. तेव्हा राग आला होता, आता बरं वाटतं. या वयात जी जागा तपासणीच्या दिवशीच ऑपरेशनची तारीख आणि सवलतीचं कुपन हातात देते, तिच्याकडे जरा संशयानं बघा.

लॅसिक, पीआरके, स्माइल

नावं खूप आहेत, जाहिरातींत आणखी निघतात. मूळ प्रकार तीन.

पीआरकेमध्ये कॉर्नियावरची सगळ्यात वरची नाजूक साल काढतात आणि पृष्ठभागावरच लेझर मारतात. पापुद्रा नाही, त्यामुळे पातळ कॉर्नियाला चालतं आणि डोळ्यावर मार बसायची शक्यता असलेल्यांनाही बरं. पण साल परत येईपर्यंत चार-पाच दिवस चांगलं दुखतं, डोळ्यावर पट्टीसारखी कॉन्टॅक्ट लेन्स ठेवतात, आणि नजर स्वच्छ व्हायला आठवडे लागतात.

लॅसिकमध्ये पातळ पापुद्रा उचलून खाली लेझर मारतात आणि पापुद्रा परत ठेवतात. पापुद्रा ब्लेडनं करतात किंवा फेम्टो लेझरनं. दुसऱ्या दिवशी माणूस कामाचा होतो. पापुद्रा मात्र पहिल्यासारखा घट्ट कधीच चिकटत नाही. जोराचा मार बसला तर वर्षांनंतरही तो सरकू शकतो.

स्माइलमध्ये पापुद्रा नाही. लेझर आतल्या आत एक बारीक चकती कापतो आणि सर्जन दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून ती ओढून काढतो. नसा कमी कापल्या जातात, म्हणून कोरडेपणा कमी होतो असं सांगतात. पुढे नंबर थोडा दुरुस्त करायची वेळ आली तर मात्र पापुद्रा उचलून पुन्हा लेझर मारायची सोय नसते, बहुतेक वेळा पीआरके करावं लागतं.

मी फेम्टोवालं लॅसिक घेतलं आणि कारण हेच. मोनोव्हिजन नाहीच सोसलं तर डाव्या डोळ्यातला उरलेला सव्वा नंबर पापुद्रा उचलून काढता येईल, ही वाट मला उघडी ठेवायची होती. कोरडेपणा आधी आटोक्यात आला होता म्हणून हे परवडलं. तुमचं उत्तर वेगळं येईल. महाग ते चांगलं असा हिशोब इथे नाही.

त्या दिवशी

ऑपरेशन पुण्यात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दाखवायचं असतं, म्हणून मुक्कामाची सोय पुण्यातच करा, रात्री खंबाटकीचा घाट ओलांडत घरी यायचं नाही.

सकाळी डोक्यावरून अंघोळ आणि जेवण करून जा, उपाशी राहायचं कारण नसतं. काजळ, पावडर, अत्तर, परफ्यूम काही नको. सेंटचा वास मशीनच्या खोलीत चालत नाही. काजळ तर आधी काही दिवस बंद करा, पापणीच्या मुळाशी ते साचून राहतं. पुढून उघडणारे कपडे घाला, डोक्यावरून काढताना डोळ्याला लागायला नको.

भूल फक्त थेंबांची. माणूस जागाच असतो. पापण्या चिकटपट्टीनं बाजूला धरतात, मिटू नयेत म्हणून चिमटा लावतात, त्यामुळे "पापणी हलली तर?" ही भीती विसरा. डोळा किंचित हलला तर मशीन मागोमाग जातं, जास्त हलला तर लेझर थांबतो. पापुद्रा करताना डोळ्यावर एक कडी चिकटते आणि दाब येतो. त्या वेळी काही सेकंद दिसायचं बंद होतं. हे मला आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर ओरडले असते. दुखत नाही, पण दाब चांगलाच जाणवतो. मग लुकलुकणाऱ्या ठिपक्याकडे बघत राहायचं. टकटक आवाज येतो आणि केस जळल्यासारखा वास येतो.

वास आला तरी डोळा जळत नसतो. हा एक्सायमर लेझर अतिनील असतो, १९३ नॅनोमीटरचा. तो आजूबाजूला न तापवता पेशींमधले रेणू तोडून पातळसा थर उडवतो. हे आधी कळलं ते अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत, १९८१ साली. भारतात जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी जेम्स विन व सॅम्युअल ब्लम यांनी. थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर त्यांनी लेझर मारून पाहिला आणि कडा न करपता स्वच्छ काप मिळाला. तिघांना २०१३ साली ओबामांच्या हस्ते राष्ट्रीय पदक मिळालं. माझ्या मुलीनं हे वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, उष्ट्या जेवणातून आलेली शिलाई आपल्या डोळ्यात!

टेबलावर सगळं मिळून वीसेक मिनिटं, त्यात प्रत्यक्ष लेझर काही सेकंदांचा. उठल्यावर भिंतीवरचं घड्याळ दिसलं, पण दुधातून बघितल्यासारखं. पुढचे चार-सहा तास डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग आणि पाणी. गॉगल लावून मुक्कामाच्या जागी जा, थेंब घाला आणि झोपा. मोबाइल दुसऱ्या माणसाकडे द्या.

नंतरचे आठवडे

डोळा चोळायचा नाही. पहिला महिना तर नाहीच. झोपेत हात जातो, म्हणून रात्री पारदर्शक वाट्या चिकटवून झोपायचं. आठवडाभर डोळ्यांत नळाचं पाणी नको. केस धुवायचे तर पार्लरमध्ये मान मागे टाकून. काजळ दोन-तीन आठवड्यांनी, आणि तेही नवं आणून. जुनी डबी फेकून द्या. पोहणं महिनाभर बंद.

हॉस्पिटलच्या छापील कागदावर नसतात अशा गोष्टी मी सांगते. फोडणी दुसऱ्यानं द्यावी, ठेचा दुसऱ्यानं वाटावा. माझ्या धंद्यात असाल तर कापड फाडणं, ओव्हरलॉक आणि वाफेची इस्त्री काही दिवस मदतनिसाला द्या. कापडाचे तंतू हवेत तरंगत असतात आणि पंख्याखाली ते थेट डोळ्यात येतात. मशीनला तेल देताना साधा चष्मा लावा. दुचाकीवर गॉगल हवाच, साताऱ्यातल्या वाऱ्याला तर हवाच हवा. लग्नसराईच्या तोंडावर ऑपरेशन ठेवू नका. मी पावसाळ्यात ठेवलं, तेव्हा कामं कमी असतात आणि धूळही बसलेली असते.

थेंब दोन प्रकारचे. एक औषधाचे, त्यात स्टेरॉइड असतं. ते सांगितले तितकेच दिवस घालायचे. बरं वाटतं म्हणून स्वतःच्या मनानं चालू ठेवले तर डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं. दुसरे कृत्रिम अश्रूंचे, ते महिनोन्‌महिने लागतात. वारंवार घालायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, छोट्या फोडायच्या नळ्यांतले घ्या. महाग पडतात, पण टोचत नाहीत. माझा कोरडेपणा साधारण सहा महिने टिकला. दुपारी मशीनवर बसले की पापणी मिटायचं विसरायला व्हायचं. उपाय म्हणून बॉबिन बदलताना डोळे मिटून दहापर्यंत मोजायची सवय लावून घेतली.

रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे कापसाच्या गोळ्यासारखे पसरतात. पहिल्या आठवड्यांत हे जास्त, मग कमी होत जातं, पण पूर्ण जाईलच याची खात्री नसते. मोनोव्हिजनवाल्यांसाठी युक्ती अशी: रात्री गाडी चालवायला एक वेगळा चष्मा करून घ्या, ज्यात जवळच्या डोळ्याचा राहिलेला नंबर घातलेला असेल. माझ्या चष्म्यात उजवी काच साधी आणि डावी उणे सव्वा. तो स्कूटीच्या डिकीत असतो.

आणि जवळचं. मशीन, कटिंग, मोबाइल, भाजीवाल्याचा हिशोब, सगळं बिनचष्म्याचं. फॉल, हुक, काज, उसवणं यांना चष्मा. तो तयार दुकानातून उचलू नका, तिथे दोन्ही काचा सारख्या असतात आणि मोनोव्हिजनच्या डोळ्यांना दोन वेगळ्या लागतात. डॉक्टरांना तुमचं मोजलेलं अंतर इंचांत सांगा, "मला १० इंचांवर बघायचंय" असं. नुसतं "जवळचा द्या" म्हटलं की ते पुस्तक धरायच्या अंतराचा देतात.

पैसे आणि कागद

मला सांगितलेल्या दरांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांत दुपटीहून जास्त फरक होता. आकडा ऐकताना त्यात काय काय धरलंय ते विचारा: तपासण्या, थेंब, वर्षभराच्या भेटी, आणि नंबर थोडा राहिला किंवा परत आला तर दुसऱ्यांदा करायचं काय. शेवटचं लेखी घ्या. विम्याच्या भरवशावर राहू नका. विमा नियामकानं ठरवलेल्या वगळणुकींत साडेसातपेक्षा कमी नंबरचा उपचार येतो, आणि आपल्यापैकी बहुतेकांचा नंबर त्याच्या आतला असतो.

कागदांचं मात्र कुणी आपणहून सांगत नाही. ऑपरेशनआधीचा नंबर, कॉर्नियाच्या बाकाचं माप, जाडी, नकाशा आणि किती मायक्रॉन काढले याची नोंद, हे सगळं मागून घ्या. पुढे पंधरा-वीस वर्षांनी मोतीबिंदू होईल, तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या बाकावरून काढतात. लेझर झालेल्या डोळ्यात नेहमीचा हिशोब चुकतो. जुनी मापं असतील तर तो सुधारता येतो. तेव्हाच्या डॉक्टरांना "पूर्वी लेझर झालंय" हे सांगायचंच. तसंच काचबिंदूची तपासणी करताना पातळ झालेल्या कॉर्नियामुळे डोळ्याचं प्रेशर खऱ्यापेक्षा कमी दिसतं, म्हणून तिथेही सांगायचं.

हॉस्पिटलं बंद होतात, संगणक बदलतात. माझ्या कागदांचा एक संच घराच्या खरेदीखतासोबत ट्रंकेत आहे, फोटो मुलीच्या फोनमध्ये आणि माझ्या ईमेलवर. नकाशाचा रंगीत प्रिंटच मागा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये त्यातलं काहीही कळत नाही.